निसर्ग, पण नदी नको

“हा इंगा तुम्ही कुणाला दाखवणार?”

फौजदार हिरेमठांनी टेबलावर आमच्या संमेलनाचं पोस्टर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘सीमाभागात प्रथमच – इंगा!’ खाली, वाचायला वाकावं लागेल एवढ्या बारीक अक्षरांत, ‘टलॉक, स्कॉटलंडच्या राष्ट्रकवयित्री’.

“कुणाला नाही, साहेब. पाहुण्यांचं नाव आहे ते,” मी म्हणाले. “ह्याच त्या.”

माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या इंगाबाईंनी मान लववली. साठीच्या, पोरासारखे आखूड पांढरे केस, पायांत चिखलातले बूट. त्यांना मराठी येत नव्हतं. आपल्या नावावरून काहीतरी चाललंय एवढं कळलं होतं आणि त्या खुशीत होत्या.

“नोड्री, बघा मॅडम,” हिरेमठ म्हणाले, “मी धारवाडचा, पण मराठी पिच्चर बघतो. इंगा दाखवणे म्हणजे काय, मला ठाऊक आहे. आणि हा पुढं असा काठी कशाला?”

“ते उद्गारचिन्ह आहे. पेंटरनं स्वतःच्या मनानं टाकलंय.”

“त्याचा नाव?”

माझ्या दुसऱ्या बाजूला परशरामदादा हलगेकर होते, संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी मांडीवर मूठ आपटली. “पेंटरचं नाव मिळणार नाही!”

पेंटर दादांचा सख्खा पुतण्या होता, आणि पोस्टरच्या कोपऱ्यात त्यानं नाव, फोन नंबर सगळं घातलेलं होतं.

हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगते. मी तेव्हा कोल्हापूरला एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इंगा टलॉक आमच्या विभागात पंधरवड्यासाठी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. आमचं गाव सीमेच्या पलीकडे, म्हणजे कर्नाटकात. सरकारी पाटीवर कन्नडमध्ये जांभेहट्टी, आमच्या मराठी पाटीवर जांभेवाडी. दोन्ही पाट्यांना कुणी ना कुणी आलटून पालटून डांबर फासायचं, त्यामुळे नवा माणूस गाव ओलांडून पुढे जायचा. दर जानेवारीत तिथं मराठी साहित्य संमेलन भरायचं. माझे वडील, अप्पा, त्याचे सचिव. आदल्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना पोलिसांनी नाक्यावरूनच परत पाठवलं होतं. म्हणून अप्पांनी मला फोन केला.

“तुझी ती स्कॉटलंडची बाई महाराष्ट्रातली नाही ना?”

“नाही अप्पा. स्कॉटलंडची आहे.”

“मग तिला अडवतील कसे? आणि तिथं लोकांना विचारलं की हो सरकारनं, ब्रिटनमध्ये राहायचं का जायचं म्हणून. मतदान घेतलं! तेवढंच बोलू दे तिला. लोकांना विचारा. बस्स.”

मी इंगाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “होडीनं जावं लागतं का?” मी नाही म्हटलं तेव्हा थोड्या हिरमुसल्या, पण आल्या.

हिरेमठांनी त्यांचा पासपोर्ट मागितला. बराच वेळ बघितला.

“इथं ब्रिटिश लिहिलाय. पोस्टरवर स्कॉटलंड. हे खोटी माहिती झाली.”

“हाच तर प्रश्न आहे!” दादा उभेच राहिले. “जन्म एकीकडचा, कागद दुसरीकडचा! आमचं तरी काय वेगळं आहे?”

मी इंगाबाईंना सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. “ह्यांना म्हणावं, काहीही लिहा. लंडनमध्ये मला ब्रिटिश कवयित्री म्हणतात, एडिंबरात स्कॉटिश म्हणतात. मी शेटलंडची आहे. आमच्या बेटावरून बोटीत बसताना लोक विचारतात, स्कॉटलंडला निघालीस काय?”

मी ते मराठीत सांगितलं. हिरेमठांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे तिसरा देश? अजून किती आहेत?”

शेवटी त्यांनी हमीपत्र काढलं. पाहुण्या भाषा, सीमा, राज्य, देश आणि तत्सम विषयांवर बोलणार नाहीत, अशी सही हवी. सही नाही तर परवानगी नाही. मंडप घातला होता, तीन गावांची माणसं यायला लागली होती, आचाऱ्यानं रव्याला हात घातला होता. दादांचा चेहरा पडला. मी इंगाबाईंना वाक्य न् वाक्य इंग्रजीत करून सांगितलं.

“मग उरलं काय?” त्यांनी विचारलं. वाद घालायला नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी ते हिरेमठांना विचारलं. त्यांनी छताकडे पाहिलं. माणूस मनापासून विचार करत होता.

“निसर्ग,” ते म्हणाले. “निसर्गावर बोलू दे की.” मग एकदम सावध झाले. “निसर्ग, पण नदी नको. पाण्याचा वाद चालू आहे.”

“डोंगर?”

“कुठला डोंगर?”

“त्यांच्या बेटावरचा.”

“त्यांचा चालेल. आमचा नको. जनावर चालेल. जनावराला काही हरकत नाही.”

इंगाबाईंनी सही केली. वर हिरेमठांशी हात मिळवला आणि म्हणाल्या, “इतका नेमका संपादक मला अजून भेटला नव्हता.” मी ते भाषांतरित केलं नाही.

दुपारचं जेवण आमच्या घरी होतं. पाट मांडले होते, आई वाढत होती. अप्पा आणि दादा दोन बाजूंनी इंगाबाईंना धरून बसले.

“हमीपत्र स्टेजपुरतं आहे,” अप्पा मला म्हणाले. “घरात तरी सांगू देत. मत कुणाला दिलं म्हणावं त्यांनी? राहायचं का जायचं?”

इंगाबाईंनी भाकरीचा घास गिळला. “मला देशानं आयुष्यात एकदा प्रश्न विचारला, आणि उत्तराला दोनच शब्द दिले. हो किंवा नाही. मी त्या खोलीत इतका वेळ उभी राहिले की बाहेरची बाई विचारायला आली, तब्येत बरी आहे ना म्हणून.”

“पण दिलं कुणाला?” दादा.

“दिलं. त्या दिवसापासून त्याविरुद्ध कविता लिहितेय.”

अप्पांना हे उत्तर मानवलं नाही. ते दोनदा ह्याच प्रश्नासाठी तुरुंगात गेलेले. त्यांच्या लेखी ‘हो’ म्हणायला माणसाला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं.

“आणि तुमचं बेट? ते आधी कुणाचं?” त्यांनी नेट लावला.

“नॉर्वेचं. राजाकडे मुलीच्या हुंड्याला पैसे नव्हते, म्हणून आम्हाला गहाण ठेवलं. पुढे सोडवायला कुणी आलंच नाही.”

मी हे सांगितलं आणि पंगत थांबली.

“हुंड्यात गेलेलं बेट!” दादा म्हणाले. “कधी?”

“साडेपाचशे वर्षं होतील.”

“आणि अजून सोडवलं नाही?” दादांना एवढा राग आला की त्यांनी ताक मागितलं.

आई तेव्हा ताकाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, “बेटावरच्या माणसांची बोली कुठली मग? बापाची का सासरची?”

मी इंगाबाईंना विचारलं. त्यांनी वर बघितलं, जेवताना पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं. “दोन्हींची खिचडी. शाळेत ती बोललं की मार बसायचा. घरात फक्त मेंढरांशी आणि लेकरांशी बोलायची भाषा.”

आईनं मान हलवली आणि दादांना ताक वाढलं.

आईचं सांगायला हवं. माझं आजोळ ओढ्यापलीकडे, चार गावं सोडून. माणसं आमचीच, पण घरातली बोली कन्नड. आई लग्न होऊन आली तेव्हा अप्पा चळवळीत होते, घराच्या भिंतीवर घोषणा होत्या. त्या घरात कन्नड शब्द चालणारच नव्हता. आजीनं तिचं नाव बदलून नीला केलं, आणि आई दोन वर्षांत असं मराठी बोलू लागली की परकी माणसं फसायची. आम्हा पोरांना तिनं कधी कन्नडमध्ये रागावलंसुद्धा नाही. मला येतं ते गल्लीतलं आणि आजोळचं.

चार वाजता मंडप भरला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढच्या रांगेत हिरेमठ आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन हवालदार. अप्पा माईकवर होते. त्यांनी इंगाबाईंची ओळख करून दिली, ‘राष्ट्र’ म्हणताना अडखळले, हिरेमठांकडे पाहिलं आणि ‘कवयित्री’ एवढंच म्हणाले.

इंगाबाई उठल्या. कागद नव्हता हातात. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.

ते इंग्रजी नव्हतं. मला एक शब्द कळला नाही. घशातून, दगडावर पाय घसरत चालावं तसं काहीतरी. चार ओळी झाल्या आणि हिरेमठ उभे राहिले.

“थांबा. हा कुठला भाषा?”

“शेटलंडची,” मी म्हणाले.

“परवानगी इंग्लिश आणि मराठीला आहे. मला वरती रिपोर्ट द्यायचा आहे. ह्यात बाई काय बोलायल्यात, मला कसं कळणार?”

“त्या इंग्रजीत सांगतील, मी मराठीत सांगते.”

हिरेमठांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदार उभा राहून कन्नडमध्ये म्हणाला की रिपोर्ट कन्नडमध्ये लिहायचा असतो आणि मराठी कविता त्याच्याच्यानं कन्नडमध्ये होणार नाही, उद्या चूक निघाली तर नोकरी जाईल. हिरेमठ म्हणाले, “बरोबर आहे. इथं कोण कन्नड सांगणार? एक माणूस द्या, नाहीतर कार्यक्रम बंद.”

स्टेजवर संमेलन समितीची बारा माणसं बसली होती. सगळे मंडपाच्या कापडाकडे बघू लागले. ह्यातला एकेक जण शनिवारच्या बाजारात कन्नडमध्ये असा भाव करायचा की धारवाडचा व्यापारी घामाघूम व्हावा.

“आम्हाला कन्नड येत नाही,” परशरामदादा माईकशिवाय, खड्या आवाजात म्हणाले.

हवालदारानं त्यांच्याकडे बघितलं. त्यानं दादांच्याच दुकानातून परवा मिरची घेतली होती.

“मी करते,” मी म्हणाले. पण माझं कन्नड गल्लीतलं. ‘मेंढी’ला काय म्हणतात तेसुद्धा मला त्या क्षणी आठवेना. इंगाबाईंनी पहिल्या चार ओळी इंग्रजीत सांगितल्या, मी मराठीत सांगितल्या : एक मेंढी होती, ती विकली गेली, खाडी ओलांडून दुसऱ्या बेटावर गेली. नव्या मालकानं हाक मारली, तिनं मान वर केली नाही. आणि कन्नडमध्ये माझं तोंड उघडं राहिलं.

मंडपात कुणीतरी हसलं. हिरेमठांनी घड्याळ पाहिलं.

बायकांच्या बाजूनं आई उठली. पदर नीट घेतला, दोन बायकांच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि स्टेजच्या पायऱ्या चढली.

अप्पांनी माईक हातानं झाकला. “अगं, तू बस.”

“पोरगी अडकलीय,” आई म्हणाली, आणि त्यांच्या हातातून माईक घेतला.

हवालदारानं वही उघडली. “हेसरु?” त्यानं नाव विचारलं.

“नीलव्वा,” आई म्हणाली.

ते नाव मी ओढ्यापलीकडेच ऐकलं होतं.

मग आईनं त्या चार ओळी कन्नडमध्ये सांगितल्या. तो आवाज तिचा नव्हताच. म्हणजे तिचाच होता, पण घरात ती बोलायची त्यापेक्षा खालचा, भरलेला, घाई नसलेला. इंगाबाईंनी पुढच्या चार ओळी म्हटल्या, इंग्रजीत सांगितल्या, मी मराठीत, आई कन्नडमध्ये. मेंढीला चारा आहे, कुंपण आहे, कुणी मारत नाही, पण तिच्या ओळखीची हाक कुणाला येत नाही. ती वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. लोक म्हणतात, किती गुणी मेंढी आहे.

एवढ्यावर इंगाबाई थांबल्या आणि खुर्चीत बसल्या. कविता संपली होती.

आई संपली नव्हती.

ती कन्नडमध्ये सांगत होती, “मेंढीचं मला ठाऊक नाही, साहेब. म्हशीचं सांगते. माझ्या बापानं लग्नात एक म्हैस दिली. ती इथं आल्यावर पान्हा सोडीना. सासू म्हणाली, भाकड जनावर गळ्यात मारलं. मी पहाटे गोठ्यात जायचे, तिच्या मानेवर हात ठेवायचे आणि तिच्याशी बोलायचे. आमच्या बोलीत. काय वाटेल ते. काल काय भाजी केली, कोण काय म्हणालं, आईची आठवण येते. मग ती दूध द्यायची. घरात कुणाला माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, नीलाच्या हाताला गुण आहे.” तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “ती म्हैस चौदा वर्षं जगली. ती मेल्यावर त्या घरात माझ्याशी बोलायला कुणी राहिलं नाही.”

तिनं माईक परत अप्पांच्या हातात दिला.

बायकांच्या रांगेत तीन-चार जणी पदरानं डोळे पुसत होत्या. पुरुषांकडे कुणाचा हात टाळीसाठी वर गेला आणि तसाच डोक्यावरून फिरून खाली आला. टाळी वाजवायची म्हणजे कळलं असं कबूल करायचं. दोनेकशे माणसं एकमेकांकडे न बघता बसून राहिली, आणि कुणालाही कन्नड येत नव्हतं.

“म्हशीचं नाव?” हवालदारानं विचारलं.

“चंद्री.”

त्यानं लिहून घेतलं, वही मिटली आणि एकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्यात इंगाबाई सामील झाल्या. फौजदार हिरेमठांनी रुमाल काढून टोपीच्या आतला घाम पुसला आणि मला म्हणाले, “जनावरच आहे ना शेवटी. काही हरकत नाही.”

रिपोर्टमध्ये काय गेलं ते नंतर समजलं : परदेशी पाहुणीने म्हैस या विषयावर विचार मांडले, आक्षेपार्ह काही नाही. एका पेपरनं तेच मथळ्यात घेतलं.

पण संमेलन इथं संपलं नाही. अध्यक्षीय भाषण रद्द करून दादांनी मंडपामागे, आचाऱ्याच्या चुलीजवळ, तातडीची बैठक घेतली. मराठीच्या व्यासपीठावर कन्नड बोललं गेलं, त्याच्या निषेधाचा ठराव करायचा, असं त्यांचं म्हणणं. एक सभासद म्हणाला, मूळ भाषण इंग्रजीत होतं, म्हणजे कन्नड हे इंग्रजीचंच रूप धरावं. दुसरा म्हणाला, मूळ इंग्रजीसुद्धा नव्हतं, शेटलंड होतं, आणि शेटलंडविषयी समितीचं काही धोरण ठरलेलं नाही. तिसरा म्हणाला, म्हशीचा भाग मूळ कवितेत नसेल तर तो भाषांतर नव्हे, तेवढ्यापुरता निषेध करता येईल.

“सचिव, ठराव लिहा,” दादा म्हणाले.

अप्पांनी पेनाचं टोपण काढलं. मी इंगाबाईंचा चहा घेऊन जात होते, थांबले. अप्पा कागदाकडे बघत राहिले.

“काय लिहू?”

“हेच. व्यासपीठावरून कन्नडमध्ये बोललं गेलं.”

“कन्नड होतं ते?”

“म्हणजे काय, नागेशराव? सगळ्यांनी ऐकलं की!”

“आपल्याला तर कन्नड येत नाही,” अप्पा म्हणाले. “तुम्हीच माईकशिवाय सांगितलंत, पोलिसांसमोर. मग ते कन्नड होतं हे आपल्याला कसं कळलं?”

आचाऱ्याचा झारा कढईत तेवढा वाजत होता. दादांनी बारा तोंडांकडे पाहिलं. अप्पांनी टोपण लावलं आणि पेन खिशात घातलं.

“आणि म्हशीचं?” दादा जरा वेळानं म्हणाले. आता ते भांडत नव्हते. “ते खरं आहे?”

“मला ठाऊक नाही, दादा,” अप्पा म्हणाले. “मला कधी ठाऊकच नव्हतं.”

सहाच्या जीपनं इंगाबाई कोल्हापूरला निघाल्या. निघताना त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि आपल्या बोलीत बरंच काही सांगितलं. आईनं कन्नडमध्ये बरंच काही सांगितलं. मला कुणी मध्ये बोलावलं नाही. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी खिडकीतून मला विचारलं, “तुझ्या आईचं भाषांतर बरोबर होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

“मला वाटलंच,” इंगाबाई म्हणाल्या आणि टोपी कानांवर ओढली. “माझ्या त्या कवितेला शेवट नव्हता.”

पुढच्या वर्षीपासून समितीनं परदेशी पाहुणे बंद केले. आता ते संमेलन दुसऱ्या गावी भरतं. मी अजून कविता शिकवते, आणि राष्ट्र ह्या विषयावर प्रश्न आला की मुलं माझ्याकडून फार लांब उत्तरं घेऊन जातात. पण त्या दिवसाचं म्हणून मला जे आठवतं ते मंडपातलं नाही.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. अप्पा हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आले. आईनं त्यांचं ताट वाढलं आणि नेहमीसारखी चुलीकडे तोंड करून बसली. त्यांचं झालं की ती जेवायची, अशीच रीत होती. अप्पा पाटावर बसले. ताटाला हात लावला नाही. घसा खाकरला, भाषणाआधी खाकरायचे तसा.

“ऊटा आतेन?” ते म्हणाले.

जेवलीस का. बाजारात कुणीही कुणाला विचारतं. आईनं मागं वळून बघितलं. मी दारात उभी होते, मला वाटलं ती हसेल, कारण अप्पांचा उच्चार चुकलेला होता. ती हसली नाही.

“इन्ना इल्ल,” ती म्हणाली. अजून नाही.

पुढचं वाक्य अप्पांना येत नव्हतं. त्यांचं कन्नड भाव करण्यापुरतं होतं, त्यात ह्याला शब्द नव्हता. त्यांनी उठून फळीवरचं दुसरं ताट काढलं, पंच्यानं पुसलं आणि आपल्या ताटाशेजारी ठेवलं.